मनाचा आजार आणि प्राचीन विषाणू
कुणाला मनाचा आजार झाला की आपल्या वस्त्यांत अजूनही 'बाहेरचं झालंय' म्हणून त्याला भगताकडे नेतात. विज्ञान कारण शरीरात शोधते. लाखो वर्षांपूर्वी काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले. त्यांचे अवशेष आज मानवी जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग आहेत, तेही सर्व जातीधर्मांच्या माणसांत. 2024 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या मेंदूंचे सुमारे 800 नमुने अभ्यासले. काही अवशेषांच्या सक्रियतेचा स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि नैराश्याच्या जोखमीशी संबंध आढळला. संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे. पण आजार हा पूर्वजन्मीचे पाप किंवा करणी नाही, हे आपण घरोघरी सांगू आणि रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ.