किताबावांचून थोर : हलक्या वजनाचे मल्ल

कुस्ती म्हटली कीं बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें धिप्पाड देहाचा व रुंद छातीचा मल्ल उभा राहतो. परंतु मल्लविद्येंत आणि मुष्टियुद्धांत असाही एक वर्ग आहे कीं त्यांतील गडी अंगानें आपल्या वरच्या इयत्तेंतील एखाद्या मुलाएवढाच दिसावा. या वर्गास ‘फेदरवेट’, म्हणजे पिसाच्या वजनाचा, असें नांव आहे. या व याच्या शेजारच्या वर्गांतील ज्या थोर पुरुषांना जगज्जेतेपद लाभलें नाहीं, अशा कांहींचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

प्रथम हे वर्ग कशासाठीं, तें पाहूं. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारांत माल आधीं कांट्यावर चढतो व मग त्याचा हिशेब होतो. तसेंच येथेंही गड्यांस आधीं तोलतात. कौशल्य सारखें असतां दहा किलो अधिक वजनाचा गडी दुसऱ्यास नुसत्या भारानें दाबून टाकील, आणि परीक्षा विद्येची न होतां वजनाची होईल. सन १९५२ च्या हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत फ्री स्टाइल कुस्तीचे ८ वर्ग होते. सर्वांत हलका ५२ किलोंचा फ्लायवेट, त्यावर ५७ किलोंचा बँटमवेट व त्यावर ६२ किलोंचा फेदरवेट. धंदेवाईक मुष्टियुद्धांत फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड, म्हणजे सुमारें ५७ किलो, अशी आहे. एका वर्गांतील गड्यांच्या वजनांत फरक थोडा. म्हणून निकाल चपळाई, दम आणि डावांचें ज्ञान यांवर लागतो, व पुष्कळदां तो केंसभर अंतरानें लागतो.

या केंसभर अंतराचें उत्तम उदाहरण म्हणजे कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. सन १९४८ च्या लंडन येथील ऑलिंपिकांत ते फ्लायवेट वर्गांत सहावे आले. त्यांचा सराव तांबड्या मातीचा. तेथें मात्र गादीवर व परक्या नियमांनीं लढावें लागलें. आपल्याकडे पाठ जमिनीस लागली म्हणजे कुस्ती संपली; तेथें चीतपट न झाल्यास पंच गुणांवर निर्णय देतात. हें नवें शास्त्र त्यांनीं चार वर्षांत आत्मसात केलें. हेलसिंकीच्या प्रवासाकरितां लोकांनीं वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथें बँटमवेट वर्गांत जाधवांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस हरविलें. जपानचा शोहाची इशी व सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह यांच्यापुढें मात्र त्यांस हार पत्करावी लागली. दोन कुस्त्यांमध्यें मिळावयाची विश्रांति त्यांना मिळाली नाहीं, व त्यांची बाजू मांडणारा अधिकारीही जवळ नव्हता, असें सांगतात. त्यांस कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरें मिळावयास १९९६ साल उजाडलें.

त्याच सामन्यांत अस्सल फेदरवेट वर्गांत आपले केशव माणगावे लढले. सुवर्ण तुर्कस्थानच्या बायराम शित यास, रौप्य इराणच्या नासर गिवेची यास व कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सन यास मिळालें. माणगावे चौथे आले. चौथ्यास पदक नसतें. म्हणून त्यांचें नांव आज फार थोड्यांस ठाऊक आहे. जगांत चौथा येणें ही काय लहान गोष्ट आहे?

आतां मुष्टियुद्धाकडे वळूं. वेल्समधील कार्डिफ शहराचा जिम ड्रिस्कॉल हा सन १९०९ मध्यें न्यूयॉर्क येथें जगज्जेत्या एब अटेलशीं १० फेऱ्या लढला. पाहणाऱ्या बहुतेकांच्या मतें तोच सरस ठरला. परंतु अशा लढतींत पंच निकाल देत नसत, व प्रतिस्पर्ध्यास पाडून बाद केल्यावांचून किताब हातीं येत नसे. अमेरिकेंत राहून त्याला पुन्हां प्रयत्न करतां आला असता. पण कार्डिफच्या एका अनाथाश्रमाच्या मदतीसाठीं खेळ करण्याचें वचन त्यानें दिलें होतें, आणि तें पाळण्यास तो परत गेला. सर्वमान्य जगज्जेतेपद त्यास कधींच मिळालें नाहीं. सन १९२५ मध्यें तो वारला तेव्हां त्याच्या अंत्ययात्रेस सारें शहर लोटलें होतें.

आपला मराठवाडाही या मालिकेंत मागें नाहीं. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे राहुल आवारे यांनीं लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार व त्यांच्या पश्चात् काका पवार यांच्या हाताखालीं विद्या घेतली. सन २०१८ च्या राष्ट्रकुल सामन्यांत ५७ किलो वर्गांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, व सन २०१९ च्या जागतिक स्पर्धेंत ६१ किलो वर्गांत कांस्यपदक. येथें एक अडचण वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. हा ६१ किलोंचा वर्ग त्या काळीं जागतिक स्पर्धेंत होता, पण ऑलिंपिकांत नव्हता. तेथें ५७ च्या वर एकदम ६५. ज्याचें अंग या दोहोंच्या मधलें, त्यानें एक तर उपाशी राहून उतरावें, नाहीं तर भारी गड्याशीं झुंजावें.

यावरून दिसून येईल कीं किताब हुकण्याचीं कारणें अनेक असतात. कोठें पैसा कमी पडतो, कोठें नियम आड येतो, कोठें विश्रांति मिळत नाहीं, आणि कोठें दिलेला शब्द किताबाहून मोठा ठरतो. यांपैकीं एकाही कारणानें मल्लाची विद्या उणी होत नाहीं. म्हणून पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मुलगा परीक्षेहून किंवा मैदानावरून घरीं आला म्हणजे ‘कितवा आलास?’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण ‘काय शिकलास व कसा झुंजलास?’ हा त्याच्या आधीं विचारावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, पहिला क्रमांक एकासच मिळतो. परंतु प्रामाणिक मेहनत व वचनाचा सच्चेपणा हे गुण वर्गांतील प्रत्येकास मिळवितां येतात, मग कांट्यावर त्याचें वजन कितीही भरो.