आधी अर्थिंग मोजा, मग भाग बदला

गोव्यात बनलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारची बॉडी फायबरग्लासची आहे. त्यातून वीज वाहत नाही; पत्र्याच्या गाडीत बॉडीतून मिळणारी अर्थिंग इथे वायरींवरच अवलंबून असते. म्हणून अशा जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे मंद पेटले, लुकलुकले किंवा एकदम दोन-तीन लागले, तर सुटे भाग बदलण्याआधी अर्थिंगचे जोड तपासावेत. दिवे चालू ठेवून बॅटरीचं ऋण टोक आणि डॅशबोर्डची अर्थ वायर यांच्यात मल्टिमीटर लावावा. फरक ०.२ व्होल्टहून बराच जास्त दिसला, तर जोड सैल किंवा गंजलेला असण्याचीच शक्यता जास्त.

मग लाल दिव्याकडे काणाडोळा करायचा का? मुळीच नाही. ऑइलचा दिवा लागताच इंजिन बंद करावं. दोष वायरचा की ऑइलच्या दाबाचा, हे नंतर दाबमापकाने ठरवावं. स्कॅनरशिवाय निदानच होत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. स्कॅनरवर दिसणारा कोड बहुधा बिघडलेलं सर्किट दाखवतो, नेमका भाग नाही. तो शोधायला शेवटी मोजावंच लागतं, आणि त्यासाठी रोहिणखेडसारख्या गावातल्या गॅरेजातही साधा मल्टिमीटर पुरतो.