सौर घटात प्लॅटिनमऐवजी प्लास्टिक

छपरावरील सिलिकनची सौर पॅनेल आता खेडोपाडी परिचित झाली आहेत. सूर्यप्रकाशापासून वीज मिळविणारा एक निराळा घट ब्रायन ओ'रेगन व मिखाएल ग्रेट्सल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये जगापुढे मांडला. पानातील हरितद्रव्याप्रमाणे या घटात प्रकाश शोषण्याचे कार्य रंजकाकडे सोपविलेले असते.

घटातील एका काचेवर टिटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर असून त्यावर रंजक चढविलेले असते. प्रकाश पडताच रंजकातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून दिव्यास वीज पुरवून समोरच्या काचेवरील विद्युत् अग्राकडे येतात. दोन्ही काचांमधील आयोडीनयुक्त द्राव ते तेथून घेऊन रंजकाकडे परत पोहोचवितो. अशा रीतीने हे चक्र अखंड चालते.

इलेक्ट्रॉन द्रावाच्या स्वाधीन करण्यास विलंब लागल्यास वीज कमी मिळते. म्हणून या अग्रावर प्लॅटिनमचा पातळ थर देण्यात येतो. परंतु हा धातू दुर्मिळ व महाग आहे. शिवाय त्याचा थर देण्याच्या प्रचलित रीतीत काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. काचेऐवजी लवचिक प्लास्टिक वापरावयाचे झाल्यास त्यास ही उष्णता सोसत नाही.

यावर संवाहक बहुवारिकांचा उपाय पुढे आला आहे. बहुवारिक म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ; नित्याचे प्लास्टिक याच वर्गातील होय. प्लास्टिक विजेस अडविते, म्हणूनच तारेवर त्याचे वेष्टन असते. तथापि विशिष्ट बहुवारिकावर आयोडीनसारख्या पदार्थाची प्रक्रिया केल्यास त्यातून वीज सुलभतेने वाहते, असे हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखविले. त्याबद्दल त्यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉलिअ‍ॅनिलीन, पॉलिपायरोल व पेडॉट ही अशी बहुवारिके होत. त्यांचा थर फारशी उष्णता न देता चढविता येतो आणि सच्छिद्रतेमुळे द्रावाशी त्याचा अधिक संपर्क घडतो. प्रयोगशाळेत पेडॉटचे अग्र प्लॅटिनमच्या तोडीचे, तर कोबाल्टयुक्त द्रावात काही वेळा सरसही ठरले आहे.

मात्र अग्र स्वस्त झाल्याने सर्व प्रश्न सुटत नाही. द्राव झिरपू नये, रंजक विटू नये आणि बहुवारिकाचा थर सुटू नये, याची काळजी घ्यावी लागते. कडक उन्हात सिलिकनची पॅनेल अधिक वीज देतात. मंद प्रकाशात व घरातील उजेडात रंजक घट उपयुक्त ठरतात. प्लॅटिनमची बचत फलदायी व्हावयाची, तर असा घट वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. ग्राहकानेही घट घेताना किमतीबरोबर टिकाऊपणाची चौकशी करणे हिताचे होय.