कान, मोबाईल आणि वही

मागच्या वेळी आपण गाईडातल्या निबंधाबद्दल बोललो होतो. 'आठवडी बाजार' विषय दिला की वर्गभर एकच बाजार उतरतो, आणि तो कुणीच पाहिलेला नसतो! म्हणून आम्ही मुलांना आधी बाजारात पाठवतो, लिहायला मग बसवतो. मानवशास्त्रात ह्याला क्षेत्रकार्य म्हणतात.

ही कल्पना काही आमची नव्हे. अमेरिकेत शर्ली ब्राइस हीथ ह्यांनी कॅरोलिना भागातल्या दोन कामगार वस्त्यांत घरची बोली आणि शाळेची भाषा ह्यांतलं अंतर कित्येक वर्षं टिपलं. १९८३ साली त्यावर पुस्तक आलं. तिथल्या एका वर्गात तर गावातली शेतीची माहिती मुलांनीच लोकांना विचारून गोळा केली होती. आपल्याकडे इरावती कर्वे वारीत चालल्या. एकाच दिंडीत जातवार वेगळं जेवण होताना पाहून आपल्याला काय वाटलं, तेही त्यांनी लिहिलं. पाहणारा स्वतः लिखाणात दिसला पाहिजे, तो असा.

आता ह्यात मोबाईल आला. एका मुलाने भाजीवाल्या मावशींचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ॲपकडून त्याचं लिखाण करून घेतलं. मावशी म्हणाल्या होत्या, "उधारी नगं बाबा." कागदावर आलं, 'उधारी नको बाबा.' चूक एवढीशीच, पण पानभर असंच झालं आणि मावशी नाहीशा झाल्या. मग आम्ही त्याला रेकॉर्डिंग थांबवत थांबवत ऐकून हाताने उतरवायला लावलं. वेळ फार जातो, मुलं कुरकुरतात. पण कान तयार होतो तो तिथेच. मावशी कुठे थांबल्या, कुठे हसल्या, हे ॲप सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. त्याने ते रेकॉर्डिंग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. त्यात मावशींनी स्वतःच्या कर्जाचं सांगितलं होतं. परवानगी कुठे घेतली होती? आम्हीही आधी बजावलं नव्हतं, चूक आमचीच. रेकॉर्डिंग काढायला लावलं, पण तोवर कुणीकुणी ऐकलं होतं. पुढच्या बाजाराला तो सगळं सांगायला आणि निबंध वाचून दाखवायला गेला. मावशी आधी रागावल्या. मग म्हणाल्या, "कर्जाचं काढ. आन् मेथीची जुडी धाची न्हाई, पंधराची लिव्ह."

त्याने दोन्ही केलं.