दारात गाडी आली, पण नावावर झाली का?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत चारचाकी शिरली की पोरे तिच्यामागे धावत सुटायची. ती एकतर डॉक्टरांची असायची, नाहीतर लग्नासाठी भाड्याने आणलेली. आज तसे राहिलेले नाही. मुले शिकली, नोकरीला लागली, आणि पतपेढीचे कर्ज काढून का होईना, जुनी मारुती किंवा अल्टो आपल्याही दारात उभी राहू लागली. आजीला दवाखान्यात न्यायला, गावाकडे कार्याला जायला तिचा उपयोग होतो. आनंदाची गोष्ट आहे. परंतु खेदाने म्हणावे लागते की गाडी घेताना आपण तिचा रंग पाहतो, सीट कव्हर पाहतो, टेप वाजवून पाहतो, आणि कागद मात्र दलालावर सोडून देतो.

आमच्या वस्तीतल्या एका काकांची गोष्ट सांगतो. पालिकेतून निवृत्त झालेले, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही असे गृहस्थ. त्यांनी आपली जुनी कार एका ओळखीच्या माणसाला विकली. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, पैसे मोजून घेतले, चावी दिली, पेढे वाटले. घेणारा म्हणाला, "काका, नावावर करायचं मी बघतो." काकांनी विश्वास ठेवला. दोन वर्षांनी त्यांच्या दारात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. ती गाडी मधल्या काळात आणखी दोघांच्या हातून गेली होती, विमा संपलेला होता, आणि कुठल्याशा नाक्यावर तिने एका पादचाऱ्याला उडवले होते. काका नोटीस घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. ते एवढेच विचारत होते, "मी गाडी विकली ना? मग माझं नाव कसं?"

नाव यायचे कारण सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावाने गाडीची नोंदणी आहे तो. स्टॅम्पपेपर हा तुमच्यातला आणि घेणाऱ्यातला करार झाला. आरटीओच्या दप्तराला त्याची खबर नसते, आणि ज्याला गाडीने उडवले त्यालाही नसते. हुबेहूब असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. मूळ मालकाने २००७ साली गाडी विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत राहिली, पण आरसी बुकात नाव पहिल्याचेच. २००९ साली गाडी मागे घेताना अपघात झाला, एकाचा जीव गेला, एक महिला जखमी झाली. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने मूळ मालकाला मोकळे केले होते. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. न्यायालयाचे म्हणणे असे की अपघातग्रस्ताने गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत हिंडायचे नाही. मला तरी हे योग्यच वाटते. उद्या आपलाच माणूस रस्त्यावर पडला तर आपण कुणाकुणाच्या दारी जाणार?

म्हणून विकणाऱ्याने काय करायचे ते आधी सांगतो, कारण लोकांना वाटते की नाव बदलणे ही घेणाऱ्याची गरज आहे. तसे नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. विकल्याची खबर देण्याचा फॉर्म नंबर २९, आणि नाव बदलण्याचा अर्ज म्हणजे फॉर्म नंबर ३०. कोरे फॉर्म सह्या करून दलालाच्या हातात देण्याची पद्धत आहे, ती सर्वांत घातक. तारीख घाला, घेणाऱ्याचे नाव-पत्ता घाला, मगच सही करा. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत आणि पैसे मिळाल्याची पावती जपून ठेवा. आता हे काम परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनही होते, घरात एखादा शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर अर्ध्या तासात अर्ज भरून होतो. महिनाभराने त्याच संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहायचे, की मालक म्हणून कुणाचे नाव दिसते. आपलेच दिसत असेल तर गाडी अजून आपलीच आहे असे समजावे आणि घेणाऱ्याच्या घरी जाऊन बसावे.

आता घेणाऱ्याचे. एका वहिनींनी मला विचारले, "भाऊ, गाडी दीड लाखाला मिळते आहे, घ्यावी का?" मी म्हटले, आधी आरसी आणा. आरसीवर कर्जाची नोंद आहे का हे पहिले पाहावे. बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म नंबर ३५ घेतल्याशिवाय एक पैसा देऊ नये. नाहीतर पैसे आपले आणि गाडी ओढून नेणारे त्यांचे, असा प्रकार होतो. मग आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी आकडा-आकडा जुळवून पाहावा. न भरलेले चलान किती हेही नंबर टाकून कळते. आणि गाडीचे वय मोजावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून कारसाठी ५००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ साली १०,००० केली. म्हणजे चौदा वर्षांची गाडी "स्वस्तात" मिळाली तरी वर्षभरात हा खर्च दाराशी येतो. वहिनींची गाडी तेरा वर्षांची निघाली. त्यांनी वीस हजार कमी करून मागितले आणि मिळाले.

गॅसवर चालणारी गाडी असेल तर किटची नोंद आरसीवर आणि विम्याच्या कागदावर, दोन्हीकडे असली पाहिजे. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला मागावा. टाकी ही डिकीत असते आणि तिच्या पुढच्या सीटवर आपली मुले बसतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

विम्याबाबत फार गैरसमज आहेत. "विमा काढलाय" म्हणजे सगळे भरून मिळेल असे लोक धरून चालतात. थर्ड पार्टी विमा हा कायद्याने सक्तीचा. तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यासाठी. आपली गाडी ठोकली, चोरीला गेली, पाण्यात बुडाली, तर त्यातून छदाम मिळत नाही. त्याला वेगळा, सर्वसमावेशक विमा लागतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, कंपनी नव्हे. जून २०२२ च्या दराप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २०९४ रुपये आणि हजार ते पंधराशे सीसीला ३४१६ रुपये, वर जीएसटी. विमा नसताना पकडले तर पहिल्या खेपेला २००० रुपये दंड, दुसऱ्या खेपेला ४०००, आणि कैदेचीही तरतूद आहे. पण दंडाचे सोडा. विमा नसताना अपघात झाला तर भरपाईचे लाखो रुपये मालकाच्या पगारातून, फंडातून, घरातून जातात. आमच्या काकांची झोप उडाली ती त्यामुळे.

जुनी गाडी घेतली की विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. घेतल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला लेखी कळवावे. थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर जाते, परंतु आपल्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. पहिल्या मालकाच्या नावाने विमा चालू ठेवून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. ते हप्ता भरतात आणि वेळ आली की हात हलवत परत येतात. आणखी एक. वर्षभर दावा केला नाही म्हणून जी सवलत मिळते, वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत, ती माणसाची असते, गाडीची नव्हे. विकणाऱ्याने ती आपल्या नव्या गाडीला न्यावी. घेणाऱ्याने तिच्यावर डोळा ठेवू नये.

एक नाजूक विषय. शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न आहे, तुमची गाडी न्यायची आहे, तो पेट्रोल घालून वर हजार रुपये देतो. आपल्याकडे याला कुणी भाडे म्हणत नाही. विमा कंपनी मात्र भाडेच म्हणते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यासाठी वापरली तर पॉलिसीची अट मोडते, आणि अपघात झाल्यास कंपनी दावा नाकारू शकते किंवा जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. शेजारधर्म जरूर पाळावा, पैसे घेऊ नयेत, आणि चालवणाऱ्याचे लायसन्स डोळ्यांनी पाहावे. ज्यांची मुले टेम्पो किंवा टॅक्सी चालवतात त्यांच्यासाठी सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. हे लायसन्सपुरते झाले. गाडीचा परवाना मात्र वेगळा लागतोच.

आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हातात चावी देऊन कौतुकाने पाहणारे वडीलही आपल्यात आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ती पालकाला किंवा मालकाला.

मी कारकून माणूस, त्यामुळे हिशेबाशिवाय चैन पडत नाही. महिन्याला पाचशे किलोमीटर गाडी फिरली आणि लिटरला पंधरा किलोमीटर दिले, तर तेहतीस-चौतीस लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये धरा, साडेतीन हजारांच्या आसपास जातात. विमा, पीयूसी, वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, तीन-चार वर्षांनी टायर, हे सगळे महिन्यावर वाटले तर आणखी हजार-बाराशे. म्हणजे कर्जाचा हप्ता सोडून साडेचार हजार. वहिनींनी हा आकडा ऐकल्यावर विचार करायला आठ दिवस घेतले. मला ते आवडले.

गाडीच्या तब्येतीबद्दल मी फार सांगणार नाही, ते मेकॅनिकचे काम. तरी पावसाळ्याचे सांगायलाच हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि बंद गाडीत अडकून माणसे गेली. पाणी वाढू लागले तर काचा खाली करून, गाडी सोडून, उंचावर जावे. गाडीचा मोह धरू नये. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करू नये. इंजिनात पाणी ओढले जाते आणि आतला दांडा वाकतो. असे बिघडलेले इंजिन साध्या विम्यात सहसा भरून मिळत नाही. ढकलून बाजूला घ्यावी. उन्हाळ्यात इंजिन तापले तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, वाफेने तोंड भाजते. अर्धा तास थांबावे. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर संपला, मग तो कितीही चांगला दिसो.

शेवटी नावाचाच प्रश्न राहतो, घरातला. वहिनींच्या मालकांची इच्छा होती की गाडी वहिनींच्या नावावर घ्यावी. चांगला विचार. पण मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी असतो, आणि त्याच्याकडे लायसन्स असावे लागते. गाडी बायकोच्या नावावर, लायसन्स फक्त नवऱ्याकडे, तर हा विमा दोघांच्याही कामाचा नाही. शिवाय आरसीवर वारस नेमता येतो. नेमला नसेल आणि मालक वारला, तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नाव बदलून घ्यावे लागते.

काकांची तारीख अजून चालू आहे. दर तारखेला ते डबा घेऊन जातात आणि बाकावर बसून राहतात. वहिनींनी मात्र गाडी आपल्याच नावावर घेतली आणि बेचाळिसाव्या वर्षी लर्निंग लायसन्स काढले. परवा मैदानात शिकताना त्यांनी क्लच सोडला आणि गाडी उडी मारून बंद पडली. बघायला जमलेली पोरे हसली. त्यांनी पुन्हा चावी फिरवली.