वाढत्या अंगाचा खेळ

सन २०१७ च्या १५ सप्टेंबर रोजी, सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा तीन आठवड्यांवर येऊन ठेपली असताना, महाराष्ट्र शासनाने राज्यातील शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्याची तजवीज केली, आणि ज्या गावांत कबड्डी, खो-खो व क्रिकेट यांपलीकडे खेळ म्हणून फारसे काही गणले जात नव्हते त्या गावांतील मुलांच्या पायांशीही तो चेंडू येऊन पडला. दहा लाख मुले मैदानावर आणण्याचा तो संकल्प मोठा होता आणि स्तुत्यही होता. परंतु चेंडू वाटण्याचे काम एका परिपत्रकाने होते. त्या चेंडूमागे धावताना पडलेल्या, हरलेल्या, क्वचित संघातून वगळलेल्या मुलाला पुन्हा उभे करण्याचे काम कोणत्याही परिपत्रकाच्या कक्षेत येत नाही. ते घरी आणि मैदानावर दोन-चार वडीलधाऱ्या माणसांच्या हातून व्हावे लागते, आणि ही माणसे पुष्कळदा ते केवळ उत्साहाच्या भरात बिघडवून ठेवतात.

आमच्या परभणी जिल्ह्याचा फुटबॉलविषयी काही लौकिक आहे असे नाही. कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा ओस पडतात. तसला प्रकार येथे कोणी पाहिलेला नाही. तरीही या खेळाच्या इतिहासाशी या भूमीचा एक जुना धागा आहे, आणि तो हैदराबादेतून येतो. सन १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होती, आणि त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर मुलांना फुटबॉल शिकवीत होते. हेच रहीमसाहेब पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ आणि १९६२ या दोन आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदके त्यांच्या कारकीर्दीतली. आणि परभणीसह मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यानंतर अवघ्या महिन्याने, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली तीही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

पण पालकांनी आणि प्रशिक्षकांनी अभ्यासावा असा भाग मेलबर्नच्या विजयाच्या आधीचा आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे याच रहीमसाहेबांच्या संघाला युगोस्लाव्हियाने १०-१ असे चिरडले होते; आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळले होते. अशा पराभवानंतर खेळाडूंना नादान ठरवून मोकळे होणे ही सोपी वाट असते, आणि आपल्याकडे ती चांगलीच रुळलेली आहे. रहीमसाहेब मूळचे शिक्षक असल्याने त्यांनी धडा कोठे कच्चा राहिला ते पाहिले. चेंडू पायाशी घोळवीत बसण्याची खोड जावी म्हणून त्यांनी हैदराबादेत असे सामने भरविले की ज्यांत चेंडू घोळविण्यास मनाईच होती, आल्या चेंडूसरशी तो सोबत्याकडे द्यायचा. आणि दुबळा पाय तयार व्हावा म्हणून केवळ त्याच पायाने खेळण्याचे सामने. या युक्तीत सारे मर्म आहे. त्यांनी अडचण दूर केली नाही. उलट एक अडचण मुद्दाम निर्माण केली, मात्र ती खेळाडूला पेलेल एवढीच, एका वेळी एकच.

मुलांच्या खेळात वडीलधाऱ्यांचे कर्तव्य यापेक्षा निराळे नाही, असे माझे मत आहे. वाढत्या अंगाच्या मुलाला सदरा शिवताना शिंपी थोडी ढील ठेवतो, पण बापाच्या मापाचा सदरा त्याच्या अंगात घालीत नाही; खेळातील कष्टांचे आणि अपयशाचे माप याच बेताने घ्यावे लागते. दुर्दैवाने आपण बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतो: एक तर मुलाला अडचण लागूच देत नाही, नाही तर मोठ्यांची अडचण जशीच्या तशी त्याच्या अंगावर टाकतो.

चेंडूचेच पाहा. मोठ्यांचा फुटबॉल पाच क्रमांकाचा असतो, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार क्रमांकाचा, याहून लहान व हलका चेंडू मिळतो, त्याहून लहानांसाठी तीन क्रमांकाचा. तरीही चौथीतल्या पोरांपुढे पाच क्रमांकाचाच चेंडू टाकला जातो, कारण शाळेत तेवढा एकच असतो. आणि मग ज्याची लाथ गोलापर्यंत पोहोचत नाही तो ‘कच्चा’ ठरतो. पूर्ण मैदानावर अकरा विरुद्ध अकरा असे लहानांना खेळविले तर बावीसांपैकी सोळा जण केवळ धुळीत धावतात. पाच-पाच जणांचे दोन संघ करून चौथाई मैदानावर खेळविले तर प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो, प्रत्येकाची चूक होते आणि ती सुधारण्याची संधीही त्याच सायंकाळी मिळते. यासाठी निधी लागत नाही. चार विटा आणि थोडी फक्की पुरते.

मैदान मात्र निराळाच प्रश्न आहे. आमची काळी जमीन कापसाला आणि ज्वारीला उत्तम, फुटबॉलला तितकीच वैरीण. पावसाळ्यात ती बुटाला शेर-शेर चिकटते. पाऊस ओसरला की जनावरांच्या खुरांचे ठसे तसेच वाळून दगड होतात, आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. शालेय स्पर्धा पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे होत असल्याने घोटा मुरगळणे हे येथे नित्याचे झाले आहे. सामन्यापूर्वी दहा मिनिटे सर्व मुलांनी ओळीने मैदान चालून खडे आणि काचा वेचाव्यात, आणि त्यानंतर अंग मोकळे करणारा व्यायाम व्हावा. ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा जो व्यायामक्रम जागतिक फुटबॉल महासंघाने प्रसृत केला, त्याची परीक्षा नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर घेतली असता दुखापतींचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात यंत्र लागत नाही. धावणे, उड्या, एका पायावर तोल सांभाळणे, इतकेच. याच वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, गुडघ्याच्या वाटीखाली दुखण्याची तक्रार पुष्कळ मुले करतात. ती कामचुकारपणाची सबब समजू नये. हाड वाढत असते आणि स्नायू त्याला ताणत असतो. काही दिवस धावणे कमी करणे आणि वैद्याला दाखविणे हाच त्यावर इलाज.

उन्हाविषयी परभणीकराला मी काय सांगावे! तरी एवढे नमूद करतो की ब्राझीलमधील २०१४ च्या विश्वचषकात, उष्मा व दमटपणा यांचा एकत्रित निर्देशांक ३२ अंशांपलीकडे गेल्यास खेळ तीन मिनिटे थांबवून पाणी देण्याची मुभा अधिकृतपणे देण्यात आली. जगातील सर्वांत तयार अशा शरीरांना जी सवलत मिळते ती पाथरीच्या किंवा गंगाखेडच्या सहावीतल्या मुलाला नाकारून त्याचा ‘दम’ पाहणारे प्रशिक्षक अजून आहेत.

आता एका अशा अडचणीविषयी, जी कोणाच्या ध्यानातही येत नाही. शालेय स्पर्धांतील चौदा आणि सतरा वर्षांखालील गट जन्मतारखेवर ठरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच सालच्या डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. बारा-तेराव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत चार बोटे उंचीचा फरक पडू शकतो. प्रशिक्षक थोराड मुलाला घेतो, त्याला अधिक सराव मिळतो, तो अधिक चांगला होतो, आणि मग निवड योग्यच होती असे सिद्ध झाल्यासारखे दिसते. त्यातच आमच्या ग्रामीण भागात एकेकाळी गुरुजींनी दाखल्यावर सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकण्याची वहिवाट होती. आता जन्मनोंदणी सुधारली असली तरी वय कमी दाखविण्याचा मोह गेलेला नाही, इतका की राष्ट्रीय पातळीवर मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय तपासावे लागते. दाखल्यात वर्ष-दीड वर्ष खाली ओढून मुलाला संघात बसविणारा बाप आपण त्याचे हित केले असे मानतो. वास्तविक त्याने दुसऱ्या एखाद्या लहानग्याची जागा घेतलेली असते आणि स्वतःच्या मुलाला खोट्याची पहिली शिकवणी दिलेली असते. ज्याची उंची अजून सुटायची आहे अशा मुलाला प्रशिक्षकाने ‘तू राहू दे’ म्हणण्याऐवजी ‘तुझी उंची अजून यायची आहे, तोवर डावा पाय तयार कर’ एवढे स्पष्ट सांगितले, तरी तो मुलगा पुढच्या मोसमात दिसतो.

जिल्हा पातळीवरील कोणत्याही शालेय सामन्याला सीमारेषेवर उभे राहावे आणि मैदानाकडे न पाहता कडेच्या मंडळींकडे पाहावे. एक गृहस्थ मोटारसायकलवर बसूनच ओरडत असतात, “मार! मार ना लेका, बघतोस काय?” पलीकडून खेळाचे सर ओरडतात, “पास दे, उजवीकडं बघ!” चेंडू पायाशी असलेला मुलगा एकदा वडिलांकडे पाहतो, एकदा सरांकडे, आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचा पोरगा चेंडू घेऊन पसार होतो. मग दोघेही एकदम कपाळाला हात लावतात. या मुलाचे पाय चुकले नाहीत. त्याला एका क्षणी दोन हुकूम मिळाले. सामना चालू असता शिकविणे सरांनीही कमीच करावे, आणि पालकांनी टाळ्या वाजवाव्यात, त्याही दोन्ही बाजूंना वाजविल्या तर उत्तम.

त्याहून नाजूक वेळ हरल्यानंतरची. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण अंगावर वागवणाऱ्या जिल्ह्याला अपयशाचा इतका धसका का असावा, हे मला कोडेच आहे. घरी जाताना गाडीवर पहिल्या पाच मिनिटांत मुलाला सामन्याचे विश्लेषण ऐकवू नये. भूक लागली का, पाय कुठे दुखतो का, एवढे विचारावे. चुकीची उजळणी करायचीच असेल तर तो स्वतः दुसऱ्या दिवशी करतो, आणि ती सरांपाशी करतो. स्तुतीचेही तसेच. मुलर आणि ड्वेक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढच्या कठीण प्रश्नापुढे लवकर हातपाय गाळू लागली, तर ‘तू मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले चिकाटीने बसली. ‘माझा पोरगा जन्मजात खेळाडू’ असे चारचौघांत सांगणारा बाप मुलाच्या पहिल्या अपयशाची शिक्षा आधीच वाढवून ठेवतो.

यात मुलींची गोष्ट सांगायची राहिली तर अन्याय होईल. २०२२ च्या ऑक्टोबरात भुवनेश्वर येथील विश्वचषकात आपल्या सतरा वर्षांखालील मुली अमेरिकेकडून ८-० असे हरल्या, मग मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-०. त्या स्कोअरवर समाजमाध्यमांत जे हसले त्यांनी आपल्या तालुक्यात मुलींसाठी मैदानालगत कपडे बदलण्याची एक खोली तरी आहे का, याची चौकशी करावी. मुलगी बारा वर्षांची झाली की तिचा सराव थांबतो तो गोल न झाल्यामुळे नाही. सायंकाळी घरी पोहोचविणारे कोणी नसल्यामुळे, स्वच्छतागृह नसल्यामुळे आणि चड्डी घालून पळते म्हणून शेजारीण काहीतरी बोलल्यामुळे. येथे प्रशिक्षकाचे पहिले काम चेंडूचे नसून बंदोबस्ताचे आहे: सराव साडेपाचला संपविणे, चार मुलींनी एकत्र घरी जाणे, आणि एकदा स्वतः जाऊन तिच्या आजीशी चहा पिणे. आजीचा होकार मिळाला की पुष्कळदा घरातले बाकी आक्षेप आपोआप निकाली निघतात.

शेवटी दहावी. नववीचे वर्ष संपत आले की परभणी-सेलू-जिंतूरच्या घराघरांतून चेंडू माळ्यावर जातो, शिकवणी लागते, आणि वर्षभर घाम न गाळलेले पोर रात्री झोप येत नाही म्हणून तक्रार करू लागते. शासनाने ठराविक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत वाढीव क्रीडागुण ठेवले आहेत, नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागाही राखीव आहेत; पण त्या आशेवर खेळ चालू ठेवा असे मी म्हणणार नाही, कारण त्या पातळीला थोडेच पोहोचतात. आठवड्यातून दोन सायंकाळी एकेक तास, जानेवारीअखेरपर्यंत, एवढा करार मुलगा, आई-वडील आणि सर यांनी जूनमध्येच बसून करावा आणि तो सर्वांनी पाळावा. परीक्षा मार्चमध्ये आटोपते, आणि एप्रिलात सूर्य मावळण्यापूर्वी मैदानावर उतरण्याची छाती परभणीत तशीही कोणाची होत नाही. तोवर बूट मात्र अपुरे झालेले असतात. नवे घेताना अंगठ्यापुढे अर्धे बोट जागा ठेवावी.