दस्त वाढले, घरे कोणाला?

मुंबईतील दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत सरल्या महिन्यात किती दस्त नोंदले गेले, याचा आकडा दर महिन्याच्या आरंभी वृत्तपत्रांतून झळकतो. आकडा चढला की घरबाजारात तेजी आणि उतरला की मंदीची चाहूल, असे मथळे सजतात. या आकड्याने व्यापाराची नाडी कळते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मुंबईकराच्या निवाऱ्याची स्थिती त्यावरून उमगते, असा जो समज रूढ होत चालला आहे, तो आम्हांस मान्य नाही.

मुळात हा आकडा विक्रीचा नव्हे, नोंदणीचा आहे. करारनाम्यावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदविण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. त्यामुळे मार्चमध्ये नोंदलेला दस्त डिसेंबरातील सौद्याचाही असू शकतो. दुकाने आणि कचेऱ्या यांचे दस्तही याच बेरजेत मिसळलेले असतात. त्यातून पितृपक्षात घर घेण्यास मन धजत नाही, दसऱ्या-पाडव्याला हात सैल सुटतो, आणि १ एप्रिलला रेडीरेकनरचे दर वाढतील या धास्तीने मार्चअखेरीस झुंबड उडते. पंचांग आणि सरकारी वर्ष या दोहोंच्या तालावर हलणाऱ्या आकड्याला अर्थव्यवस्थेची भविष्यवाणी मानणे हे जरा अतिच झाले!

२०२० सालचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे मुंबईतील नोंदणी पार थंडावली होती. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबरपासून मुंबईतील मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले आणि त्याच डिसेंबरात साडेएकोणीस हजारांवर दस्त नोंदले गेले. आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या मानाने ही तिप्पट झाली. तीन-चार महिन्यांत मुंबईची लोकसंख्या तिप्पट झाली नव्हती, की पगारही वाढले नव्हते. उलट अनेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. एक कोटीच्या घरामागे तीन लाख वाचत होते, म्हणून ज्याच्या गाठी पैसा होता, त्याने घाई केली. ज्याच्या गाठी नव्हता, त्याला सवलतीचा उपयोग तो काय?

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील दर पाचांपैकी दोघे झोपडपट्टीत राहत होते. त्याच जनगणनेच्या आधारे २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद केले. रिकाम्या घराचाही दस्त असतोच. उलट, वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, त्या काही कोणत्या महिन्याच्या तेजीमुळे नव्हेत. त्यासाठी रहिवाशांना वर्षानुवर्षे ताटकळावे लागले.

गोमंतकीयांना हा विषय परका नाही. गोवा हिंदु असोसिएशन १९१९ साली मुंबईत उभी राहिली, ती तेथे आमच्या माणसांचा संसार होता म्हणून. गिरगावातील दोन खणांच्या खोलीत गावाहून आलेल्या पोराची पथारी कशी पडत असे, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या चाळींतील पुढली पिढी विरार-बदलापूरकडे का सरकली, हे सांगावयास नको. आता ओघ उलटला आहे. मुंबई-दिल्लीच्या धनिकांचा पैसा बार्देशात सुटीतील घरे विकत घेतो आणि म्हापशाच्या नोकरदाराला तेथील भाव ऐकूनच परतावे लागते.

दस्तामागे क्षेत्रफळ, किंमत आणि ठिकाण हे सारे सरकारदप्तरी असते. महिन्याची नुसती बेरीज आणि तिजोरीत पडलेला महसूल जाहीर करण्याऐवजी, पाचशे चौरस फुटांखालील घरे किती खपली, कोणत्या भागात आणि कोणत्या भावाने, हे महाराष्ट्र सरकारने दरमहा प्रसिद्ध करावे. घेणाऱ्याचे हे पहिले घर की चौथे, एवढा एक रकाना दस्तात वाढविला तरी पुष्कळ उलगडा होईल. आमच्या गोवा सरकारनेही तो रकाना बार्देशपासून सुरू करण्यास हरकत नाही.